सेकंडहँड सियाझ: खानदेशात घ्यायची तर कोणती आणि काय तपासून

मारुती सुझुकीने एप्रिल २०२५ मध्ये सियाझ ही सेडान बंद केली. ऑक्टोबर २०१४ ला आलेली ही गाडी साडेदहा वर्षं विकली गेली. आता जळगाव-धुळ्याच्या कार कन्सल्टंटांच्या आवारात ती एसयूव्हींच्या मागच्या रांगेत उभी असते. बंद पडलेलं मॉडेल म्हटलं की गिऱ्हाईक मागे सरतं. पार्ट मिळतील का, उद्या विकताना कोण घेईल, हे दोन प्रश्न लगेच येतात. ही भीती अर्धी खरी आहे, अर्धी खोटी. खोटी अर्धी भीती भावात तुमच्या बाजूने वळवता येते, आणि खरी अर्धी तपासणीने टाळता येते. पाच-सहा माणसांच्या घराला सात-आठ लाखांच्या आत याहून ऐसपैस गाडी मिळणं अवघड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच. इंजिन आणि वर्ष बघूनच घ्यायची, नुसता रंग आणि अलॉय बघून नाही.

आधी ती घ्यायची कशासाठी, ते सांगतो. लांबी ४४९० मिलिमीटर, व्हीलबेस २६५० मिलिमीटर. डिझायरचा व्हीलबेस २४५० आहे, म्हणजे सरळ वीतभर जास्त, आणि ती सगळी वीत मागच्या सीटच्या पायांना मिळाली आहे. म्हाताऱ्या माणसाला गुडघे न दुमडता जळगावहून वणीच्या गडापर्यंत बसता येतं. डिक्की ५१० लिटरची आहे. लग्नसराईत दोन मोठ्या बॅगा, आहेराच्या पिशव्या आणि पाण्याचा जार एकदम मावतो. मागे एसीचे व्हेंट आहेत. उणीव म्हणाल तर छत मागे उतरतं आलंय, पावणेसहा फुटांवरच्या माणसाचं डोकं छताला टेकतं. मागे तिघं बसतात, पण मधल्याला सीटचा उंचवटा बोचतो.

सुरक्षेचं खोटं बोलू नये. शेवटपर्यंत या गाडीत दोनच एअरबॅग होत्या. फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या व्हेरियंटला ईएसपी (वळणावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणारं) आलं, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ते नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या खालच्या व्हेरियंटमध्ये दोन्ही एअरबॅग असतीलच असं धरून चालू नका. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एसआरएस एअरबॅगची खूण आहे का बघा. चावी दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय, आणि त्यामागे बहुधा मोठा अपघात असतो.

पार्टचं काय?

इंजिनाची चिंता सोडा. २०१८ नंतरच्या पेट्रोल सियाझचं १४६२ सीसीचं के१५बी इंजिन एर्टिगा, एक्सएल६, ब्रेझा, एस-क्रॉस आणि जिमनीतही बसलं आहे. त्याचे फिल्टर, प्लग, पंप, मोटर पुढची कित्येक वर्षं मिळत राहतील. जुन्या १.३ डिझेलचं १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट आहे आणि ते इतक्या गाड्यांत लागलं की कुठल्याही तालुक्याच्या मिस्त्रीचे हात त्यावर बसलेले आहेत. एक खबरदारी घ्या. सियाझमधलं डिझेल ९० पीएसचं, व्हेरिएबल टर्बोचं आहे. स्विफ्ट-डिझायरमधलं ७५ पीएसचं. ‘स्विफ्टचाच टर्बो टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. जुळेल ते ९० पीएसच्या ब्रेझाचं किंवा एर्टिगाचं.

खरी अडचण बाहेरच्या अंगाची आहे. हेडलाइट, टेललाइट, बंपर, ग्रिल, दरवाजे, काचा हे सियाझचं सियाझलाच लागतं. त्यातही ऑगस्ट २०१८ च्या फेसलिफ्टमध्ये पुढचा चेहरा बदलला, त्यामुळे जुन्याचं नव्याला बसत नाही. म्हणून दोन्ही हेडलाइट मूळचे, न चिरलेले, आत पाण्याची वाफ न धरलेले आहेत का, हे या गाडीत नेहमीपेक्षा जास्त बारकाईने बघा. वरच्या व्हेरियंटचा एलईडी हेडलाइट महाग आहे. बोनट उघडून हेडलाइटचे प्लास्टिकचे कान बघा. गोंदाने चिकटवलेले असले तर पुढून ठोकर झाली आहे आणि पैसे वाचवले आहेत.

चार इंजिनं, चार वेगळ्या गाड्या

२०१४ ते २०१८ चं पेट्रोल १३७३ सीसीचं, ९२ पीएस. त्यात हायब्रिडची कसलीही भानगड नाही. साधं, टिकाऊ, गावातल्या मिस्त्रीला कळणारं. फक्त पाच माणसं, भरलेली डिक्की आणि चालू एसी घेऊन अजिंठ्याचा घाट चढताना दुसऱ्या गिअरला यावंच लागतं. महिन्याला पाचसहाशे किलोमीटर चालवणाऱ्याला आणि बजेट कमी असणाऱ्याला हे पुरे.

१.३ डिझेलला सप्टेंबर २०१५ पासून एसएचव्हीएस, म्हणजे मारुतीचं हलकं हायब्रिड, जोडलं गेलं. कागदावरचा ॲव्हरेज २८.०९. हायवेवर प्रत्यक्ष वीस-बावीस समजून चला. धुळे-सुरत किंवा जळगाव-नाशिक अशी रोजची पळापळ असलेल्या व्यापाऱ्याला, ठेकेदाराला अजूनही हेच परवडतं. दोन हजार आरपीएमच्या खाली मात्र ही गाडी झोपलेली असते आणि क्लच जड आहे. गावातल्या गर्दीत अर्धा क्लच दाबून चालवलेली असेल तर क्लच प्लेट लवकर गेलेली असते.

१.५ डिझेल, १४९८ सीसी, ९५ पीएस, सहा गिअर. चालवायला चारांतली सगळ्यात उत्तम सियाझ हीच. पण ती २०१९ च्या सुरुवातीला आली आणि बीएस-६ लागण्याआधी, २०२० मध्ये, गेली. हे इंजिन फक्त सियाझ आणि एर्टिगात, तेही जेमतेम वर्षभर लागलं. आज फिल्टर-बेल्ट मिळतात. पाच वर्षांनी इंजेक्टर, टर्बो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) शोधत हिंडायची तयारी असेल तरच घ्या. नंदुरबार-तळोद्याकडे राहणाऱ्याने तर टाळावीच. चालवून मन जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणि ऑगस्ट २०१८ नंतरचं १.५ पेट्रोल, १०५ पीएस. माझी निवड हीच, मॅन्युअल गिअरमध्ये. कागदावर बीएस-४ ला २१.५६ आणि बीएस-६ ला २०.६५. हायवेवर नव्वदच्या वेगाला सतरा-अठरा, शहरात बारा-तेरा मिळतो. ऑटोमॅटिक चार गिअरची जुन्या पद्धतीची आहे. बिघडत कमी, पण ओव्हरटेकला जोर केला की इंजिन ओरडतं आणि पेट्रोल पितं. गुडघेदुखीमुळे ऑटोमॅटिकच हवी असेल तर बिनधास्त घ्या, मात्र गिअर ऑइल डिपस्टिकवर किंवा गॅरेजला तपासून घ्या. तांबडं असलं तर ठीक, काळं पडून जळका वास आला तर सोडा.

एमजीयू: या गाडीचा नाजूक भाग

१.५ पेट्रोल घेताना सगळ्यात आधी मोटर जनरेटर युनिटचा कागद मागा. लोक याला एमजीयू किंवा नुसतं ‘हायब्रिड मोटर’ म्हणतात. साध्या गाडीत जिथे अल्टरनेटर असतो तिथे ही मोटर बेल्टवर बसवलेली आहे. ती वेग वाढताना इंजिनाला थोडा हात देते आणि ब्रेक मारला की चार्जिंग करते. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच परत चालू होतं, ते हिच्यामुळे. तिच्या जोडीला बोनेटमध्ये नेहमीची बॅटरी आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली एक छोटी लिथियम-आयन बॅटरी असते.

या मोटरसाठी कंपनीने दोनदा गाड्या परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये सियाझ, एर्टिगा, एक्सएल६ मिळून ६३,४९३ गाड्या, १ जानेवारी ते २१ नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या. मग सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझसह पाच मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या, ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० दरम्यान बनलेल्या. म्हणजे फेसलिफ्टपासून २०२० च्या दिवाळीपर्यंतची पेट्रोल सियाझ बघताय तर ती या मुदतीतच बसते. दुसऱ्या वेळी कंपनीने मालकांना सांगितलं होतं, की दुरुस्ती होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि इलेक्ट्रिक भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका. यातून या मोटरचा शत्रू कोण ते कळतं.

पडताळायचं असं. आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका, किंवा अधिकृत वर्कशॉपला गाडीच्या नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा. रिकॉलचं काम झाल्याची नोंद दिसली पाहिजे. नसेल तर टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून ते करून घ्या. रिकॉलमधली तपासणी आणि बदल मोफत होता. तोच पार्ट खिशातून टाकायचा झाला तर रक्कम पाच आकडी आहे.

नंतर गाडी गरम झाल्यावर रस्त्यात सपाटीला न्यूट्रलमध्ये उभी करा, क्लच सोडा, सीटबेल्ट लावलेला ठेवा. बॅटरी चांगली असेल, एसीवर फार ताण नसेल तर इंजिन बंद व्हायला हवं. क्लच दाबताच झटका न देता परत सुरू व्हायला हवं. मे महिन्याच्या दुपारी एसी फुल असताना ते बंद होणार नाही, त्यावरून बिघाड ठरवू नका, सकाळी बघा. बेल्टकडून चिरचिर आवाज येतोय का, तेही तेव्हाच ऐका. डिझेल एसएचव्हीएसमध्ये लिथियम बॅटरी नाही, बोनेटखाली एकच मोठ्या क्षमतेची बॅटरी आहे. ती महाग पडते म्हणून अनेकांनी साधी बॅटरी टाकलेली असते. गाडी चालू होते, पण स्टार्ट-स्टॉप मरतं. तेवढे पैसे भावातून कापून घ्या.

सुरतची गाडी, वडोदऱ्याचा पूर

आपल्याकडे घरटी कुणीतरी सुरतला असतं. जीजे-०५ पासिंगच्या गाड्या नवापूरमार्गे सतत येतात आणि त्या खरंच स्वच्छ, कमी चाललेल्या असू शकतात. पण सुरतच्या खाड्या पावसाळ्यात वस्तीत शिरतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने अर्धं वडोदरा पाण्यात होतं. पाण्यात गेलेली गाडी पॉलिश मारून दोनशे-चारशे किलोमीटर लांब विकली जाते. १.५ पेट्रोल सियाझमध्ये तर पाणी सीटपर्यंत आलं की लिथियम बॅटरी भिजते.

म्हणून डावीकडची पुढची सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून खाली टॉर्च मारा. सीटच्या पटऱ्यांवर गंज, बॅटरीच्या कव्हरभोवती चिखलाची रेघ, वायरच्या सॉकेटवर हिरवट थर दिसला तर तिथूनच घरी निघा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर डाग राहतात, कारण तिथपर्यंत धुवायचं कुणाला सुचत नाही. स्टेपनी उचलून खड्डा बघा. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा. आत नवा सुगंध फवारलेला असेल तर एसी बंद करून काचा वर करून पाच मिनिटं बसा, कुबट वास आपोआप वर येतो. विमा कंपनीकडची क्लेम हिस्टरीही मागा.

आपल्या उन्हात, आपल्या धुळीत

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि गाडीचं खरं वय तेव्हा कळतं. गाडी बघायला संध्याकाळी बोलावतात ते उगाच नाही. तुम्ही दुपारी एक ते चारमध्ये जा. उन्हात अर्धा तास उभी असलेली गाडी मागा, एसी लावून पंधरा मिनिटं चालवा, आणि साधा थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये धरा. बाहेर त्रेचाळीस असताना आत दहा-बारा अंशांची हवा आली तर एसी चांगला. अठराच्या वर असेल तर गॅस कमी आहे किंवा कंडेन्सर चोंदलाय. कपाशीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीच्या कंडेन्सरच्या पापुद्र्यांत कापसाचे तंतू आणि काळी धूळ गच्च बसते. ते नुसतं धुऊन सुटतं, म्हणून घाबरू नका. पण गॅस दर वर्षी भरावा लागतोय असं विकणाऱ्याच्या तोंडून निघालं, तर कूलिंग कॉइल गळतेय. ती बदलायला डॅशबोर्ड खोलावा लागतो.

कूलंटची टाकी इंजिन थंड असताना उघडा. रंगीत, स्वच्छ द्रव हवा. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. ते जड पाणी, रेडिएटरमध्ये खार धरतं, आणि पाण्याला गंजाचा तांबूस रंग येतो. असा रंग दिसला तर रेडिएटर आणि थर्मोस्टॅटचा खर्च धरा. टाकीत चहासारखा मळ आणि इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, हे दोन्ही एकत्र दिसलं तर हेडगॅस्केट गेलंय. तिथे बोलणी थांबवा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. खाच कितीही शाबूत असो, आपल्या उन्हात सहा वर्षांचा टायर हायवेवर चालवू नये. खालच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५, वरच्याला १९५/५५ आर१६. पंधरा इंचीचा संच वीस-पंचवीस हजारात येतो, सोळाचा त्याहून महाग, आणि त्याची बाजू बुटकी असल्याने खड्ड्यात रिम वाकते. शेतरस्ता रोजचा असेल तर पंधरा इंचीवालीच बरी.

ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर आहे, पण पाच जण बसले की मागचं अंग चांगलंच खाली येतं. ट्रॅक्टरच्या चाकोरीतला मधला उंचवटा, मळ्यातली पाटचारी, गावच्या वेशीवरचे उंच स्पीडब्रेकर, सगळे पोटाला लागतात. गाडी रॅम्पवर चढवून चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), पुढचा सब-फ्रेम आणि सायलेन्सर बघाच. चेंबरला पोचा असला आणि ऑइल गळत नसेल तर चालतं. सब-फ्रेमला वेल्डिंग असेल तर चालत नाही. पुढून खटखट येत असेल तर आधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश, हे स्वस्तातलं काम. वळताना स्टेअरिंगमध्येच टकटक जाणवली तर स्टेअरिंग कॉलम किंवा रॅककडे बघावं लागेल, ते महाग.

डिझेल तपासायचं तर सकाळीच

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री. थंड इंजिन सुरू करताच पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंदांहून जास्त साखळीचा खळखळाट आला तर टायमिंग चेन सैल झाली आहे. ही चेन ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते. दहा हजारांवर ऑइल बदलायचं ते पंधरा-वीस हजारांवर ढकललं, किंवा ऑइल कमी असताना पळवली, की ताण देणारा भाग आणि चेन दोन्ही जातात. चेन तुटली तर व्हॉल्व्ह वाकतात.

नंतर इंजिन गरम करून आयडलवर ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते. भसाभस धूर आणि झाकण थडथड उडत असेल तर रिंगा झिजल्या. इंजेक्टरच्या बुडाशी काळा, डांबरासारखा थर आणि बोनेटमध्ये सायलेन्सरच्या धुराचा वास असेल तर तांब्याचे वॉशर सुटलेत. ते वेळेत बदललं तर थोडक्यात भागतं, नाहीतर इंजेक्टर जागेवर जाम होतो. पिकअप मंद आणि काळा धूर असेल तर बहुतेक वेळा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बनने भरलेला असतो, तो साफ होतो. क्लचसाठी तिसऱ्या गिअरात चाळीसच्या वेगावर पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच प्लेटचे पैसे वजा करा. धुळ्याला असाल तर हीच परीक्षा लळिंग घाटात पाच माणसं बसवून घ्या.

सीएनजी, इथेनॉल, कागद

सियाझला कंपनीचं सीएनजी कधीच नव्हतं. म्हणजे डिक्कीत टाकी दिसली तर ती बाहेरून बसवलेली आहे. आरसीवर पेट्रोल-सीएनजी अशी नोंद हवी, टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट चालू हवी, आणि विम्यात किटचा उल्लेख हवा. यातलं एक नसलं तरी अपघाताच्या वेळी क्लेम अडतो. शिवाय ५१० लिटरच्या डिक्कीसाठी गाडी घ्यायची आणि तिच्यात टाकी ठेवायची, हे मला पटत नाही.

एप्रिल २०२३ च्या आधी बनलेल्या सियाझ ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी प्रमाणित नाहीत. आता पंपावर तेच मिळतं. ॲव्हरेज थोडा कमी पडेल हे धरा. इंधनाच्या रबरी नळ्या तडकल्या किंवा फुगल्या आहेत का ते रॅम्पवरच बघून घ्या, आणि महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीतलं पेट्रोल उपसून काढा.

एमएच-१८, १९ किंवा ३९ पासिंगची गाडी असेल तर मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, पीयूसी, विमा, मालकाचं ओळखपत्र, आणि कर्ज असेल तर फॉर्म ३५ व बँकेची एनओसी. ‘बँकेचं मिटलंय, फक्त कागद यायचाय’ यावर पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागते, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो. डिझेलला टॅक्सचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. दिल्लीची दहा वर्षांच्या आसपासची डिझेल सियाझ फार स्वस्त दिसते, पण टॅक्स, वाहतूक आणि एजंट धरून हिशेब केला की फरक उरत नाही, आणि इंजिनाचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो तो नसतोच.

पुण्या-मुंबईहून आलेली २०१५ ते २०१८ ची डिझेल सियाझ आधी टॅक्सी होती का, ते आरसीच्या जुन्या नोंदींत बघा. पिवळ्या पाटीची पांढरी झालेली गाडी मीटरवर सत्तर हजार दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलेली असेल, तर मीटरवर नव्हे, पेडलवर विश्वास ठेवा. अधिकृत वर्कशॉपमधल्या नोंदींत दर सर्व्हिसचे किलोमीटर असतात, तो क्रम चढता आहे का तेवढं बघायचं. ई-चलान बाकी आहेत का तपासा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी लागलेली आहे का पाहा. पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांनी फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, म्हणजे २०१४ ची गाडी घेणाऱ्याला ते काम २०२९ मध्ये येणारच. विमा तुमच्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विकणाऱ्याने ‘पन्नास टक्के बोनस चालू आहे’ म्हणून भाव चढवला तर तो मोजू नका.

कितलाले लेवानी? (कितीला घ्यायची?)

बंद होताना नव्या सियाझची एक्स-शोरूम किंमत साधारण ९.४ ते १२.३ लाख होती. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवी डिझायर स्वस्त झाली, आणि मोठ्या जुन्या सेडानचा भाव धरून ठेवणं विकणाऱ्याला कठीण झालं. हे बोलताना वापरा. माझ्या हिशेबाने २०१९ ची स्वच्छ, रिकॉल झालेली, पहिल्या मालकाची पेट्रोल मॅन्युअल साडेसहा लाखांच्या आत बसली पाहिजे. २०२२ ची साडेआठच्या आत. २०१५-१६ च्या १.४ पेट्रोलला चार लाखांवर एक रुपया देऊ नये. १.३ डिझेलचा भाव वर्षावर नाही, चेन, क्लच आणि टर्बोच्या प्रकृतीवर ठरवा. बंद झालेलं मॉडेल विकताना तुम्हालाही कमीच मिळणार, म्हणून निदान पाच-सहा वर्षं ठेवायची असेल तरच या गाडीत पडा. दोन वर्षांत बदलणाऱ्याने डिझायरच घ्यावी.

माझा क्रम असा: नोव्हेंबर २०२० नंतरची १.५ पेट्रोल मॅन्युअल, डेल्टा किंवा झेटा या मधल्या व्हेरियंटची. ती एमजीयूच्या दोन्ही रिकॉलच्या मुदतीबाहेर आहे. ईएसपी हवं असेल तर फेब्रुवारी २०२३ नंतरची. बजेट कमी असेल तर २०१७ ची १.४ पेट्रोल. रनिंग महिन्याला अडीच हजारांच्या वर असेल तर २०१६ ते २०१८ ची १.३ डिझेल. २०२२ च्या शेवटच्या गाड्यांबाबत एक लक्षात ठेवा, २ ते २८ नोव्हेंबर २०२२ दरम्यान बनलेल्या काही गाड्या पुढच्या सीटबेल्टच्या उंची ठरवणाऱ्या भागासाठी परत बोलावल्या होत्या. तोही कागद मागा.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून टाका, आधीच्या मालकाने काल बदललं म्हणाला तरी. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत, ते उघडून आतली काळी माती साफ करून घ्या. पुश बटण स्टार्टची गाडी असेल तर दोन्ही स्मार्ट चाव्या समोर चालवून बघा, दरवाज्याच्या कडीवरचं बटण चारदा दाबून बघा, आणि दुसरी चावी ‘घरी राहिलीय, पाठवतो’ असं उत्तर आलं तर ती हातात पडेपर्यंत पाच हजार रुपये मागे ठेवा.